रणजित गुळव्याच्या दोन रेघा

कोनवलीच्या लोकांना वाद घालायला मनापासून आवडतं. तांबडा रस्सा कुणाच्या घरचा झणझणीत, गावची तालीम कुणाच्या आज्यानं बांधली, यावर तिथं तीन-तीन पिढ्या भांडल्या आहेत. एका गोष्टीवर मात्र कधी वाद झाला नाही. काहिलीच्या मोठ्या कढईत रस पिकून गूळ झाला की नाही, हे रणजित खोतानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

सन २०३९ उजाडेपर्यंत पंचगंगेकाठची बहुतेक गुऱ्हाळं यंत्रावर गेली होती. रसात सेन्सर बुडवलेला, भिंतीवर पडदा, तापमान एकशे अठरावर गेलं की भोंगा. पण ऊस काही पडदा बघून वाढत नाही. नदीकाठच्या खारवट रानातला रस वेगळा, माळावरचा वेगळा, तोडून दोन दिवस पडलेल्या उसाचा आणखी वेगळा. कोनवलीतल्या तात्या चौगुल्यांच्या गुऱ्हाळातला गूळ परदेशात जायचा आणि तिथलं गिऱ्हाईक चोखंदळ, म्हणून तात्यांनी भोंगा बसवला नाही, गुळव्या ठेवला. रणजित उलथन्यावर उकळता पाक उचलायचा, थंड पाण्यात सोडायचा, बोटांत वळून बघायचा आणि म्हणायचा, "उतरवा." मग गडी काहील चुलवाणाच्या भट्टीवरून उतरवायचे. अर्धा मिनिट लवकर उतरली तर ढेप मऊ पडते, अर्धा मिनिट उशीर झाला तर गूळ करपतो. अकरा हंगामांत त्याचा शब्द एकदाही चुकला नव्हता.

त्याची बायको रेश्मा बाजारात गेली की लोक 'गुळव्याची मालकीण' म्हणून तिला पुढं जागा द्यायचे. तो मान तिला आवडायचा, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लपवायचं ते वेगळंच होतं.

होळी झाली, हंगाम उतरला, की रणजित पिऊ लागायचा. थोडीथोडकी नाही, सकाळी चूळ भरायच्या आधी. तीन उन्हाळे त्याला तालुक्याच्या दवाखान्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिन्ही वेळा तो कोरडा होऊन आला, दिवाळीत चुलवाण पेटलं तसा पुन्हा उभा राहिला, आणि पुढच्या चैत्रात पुन्हा बाटलीत गेला. गावानं निदान करून टाकलं होतं, ते म्हणजे रिकामपण. "हाताला काम न्हाई म्हणून हात बाटलीकडं जातोय," असं तात्या सांगायचे. रेश्मालाही ते पटलं. उन्हाळ्यात हात गुंतावा म्हणून तिनं चार शेळ्या आणल्या आणि शेवटी त्या तिलाच सांभाळाव्या लागल्या.

पौष-माघातली तऱ्हा उलटी. तेव्हा रणजितला दोन-दोन दिवस झोप लागायची नाही, बोलणं थांबायचं नाही, आणि एका दमात तो सहा काहिली उतरवायचा. "गुळव्या तापलाय," असं लोक कौतुकानं म्हणायचे आणि तात्या लगेच पाळ्या वाढवायचे. त्या दिवसांतला गूळ पिवळाधमक निघायचा. त्याला आजार म्हणायची कुणाची छाती होती? ज्याच्या जिवावर अख्खं गाव मिरवायचं, त्याला कुणी आजार म्हणत नाही.

चौथ्या उन्हाळ्यात रेश्मानं त्याला तालुक्याच्या दवाखान्यात दाखल केलं, तेव्हा तिथं यास्मिन मुजावर नावाच्या नव्या डॉक्टर आल्या होत्या. बारीक अंगाच्या, बोलायला सडेतोड. डॉक्टरांची संख्या कमी, म्हणून खालचा व्यसनमुक्ती विभाग आणि वरचा मानसोपचार विभाग असे दोन्ही मजले त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडले होते. त्या अडचणीतूनच पुढचं सगळं घडलं.

रणजितच्या दंडाला वर्षभर एक पट्टी चिकटवलेली होती. केंद्रातून सुटणाऱ्या प्रत्येकालाच ती लावत. रुपयाएवढी चकती, तिच्या पोटात केसाहून बारीक सुया. त्या रक्तापर्यंत जात नाहीत, कातडीखालचा ओलावा तेवढा चाखतात. त्या ओलाव्यात दारूचा अंश सापडतो, तसाच शरीराच्या घड्याळाचाही माग लागतो. पहाटे माणसाला जागं करणारं रसायन किती वाजता चढलं, रात्री झोप आणणारं किती वाजता आलं, गाढ झोप किती झाली, हे सगळं पट्टी टिपते. मनात काय चाललंय ते तिला कळत नाही. पण मनाचा तोल जाण्याआधी हे घड्याळ बिघडतं, आणि बिघाड महिन्याभराच्या नोंदींतून स्पष्ट दिसतो. त्यावरून यंत्र दोन रेघा काढतं, एक मनाची आणि एक दारूची. दारूची रेघ खालच्या मजल्यावर जायची. मनाची वरच्या मजल्यावर जायची आणि तशीच पडून राहायची, कारण रणजित वरच्या मजल्याचा पेशंट नव्हता. मुजावर बाईंना दोन्हीकडं जिने चढायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी दोन्ही रेघा एकाच कागदावर छापल्या.

दहा दिवसांनी रणजितचं डोकं ताळ्यावर आलं, हातापायांची थरथर थांबली, तेव्हा त्यांनी तो कागद नवराबायकोपुढं ठेवला.

"ही लाल रेघ दारूची," त्या म्हणाल्या. "ती कधी उठली?"

"पाडव्याला," रेश्मा म्हणाली. तिला तारीख बघायची गरज नव्हती.

"आणि ही निळी, मनाची. ही कधी पडली बघा."

रेश्मानं बोट फिरवलं. निळी रेघ होळीच्या दोन दिवस आधी कोसळली होती. लाल त्यानंतर सतरा दिवसांनी उठली होती.

"आन् हंगाम तर होळीनंतर आठ दिवस चालला की," ती म्हणाली. "म्हणजे काम सुटायच्या आधीच..."

"काम सुटायच्या आधी मन पडलं होतं. दारू मागनं आली." डॉक्टर रणजितकडं वळल्या. "त्या दिवसांत तुम्ही कुठं होता?"

"काहिलीवर." रणजित खाली बघत होता. "पाय उचलत नव्हतं. तोंडाला चव नव्हती. पर शब्द चुकला न्हाई."

"कुणाला बोलला होता?"

"काय बोलायचं बाई? गुळव्यानं सांगायचं व्हय, मला गूळ गोड लागंना म्हणून?"

 रेश्मा रोज त्याला डबा घेऊन जात होती, समोर बसून जेवू घालत होती, आणि तिला काही कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग निळी रेघ मागं नेली. जानेवारीत ती डोंगरासारखी वर गेली होती. "हे चढणं आणि ते पडणं मिळून एकच आजार आहे. बायपोलर म्हणतात. पडलेलं मन सोसवत नाही म्हणून माणूस पितो. दारू तासभर बरं वाटायला लावते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली ढकलते, म्हणून तो आणखी पितो. तीन वर्षं आम्ही फक्त दारू सोडवत बसलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी."

"म्हणजे मनाचं औषध घेतलं की दारू आपोआप सुटंल?" रेश्मानं आशेनं विचारलं.

"नाही. दारूनं आता स्वतःचं घर बांधलंय. तिचा आजार वेगळा, तिचं औषध वेगळं. एकाला सोडून दुसऱ्याला धरलं तर सोडलेला परत येऊन धरलेल्याला उठवतो. दोन्ही एकदम, एकाच टेबलावर. कायमचं बरं होणार असं मी म्हणत नाही. मधुमेहासारखं सांभाळायचं."

रणजितनं कागदातल्या त्या डोंगरावर बोट ठेवलं. "बाई, माझा सगळ्यात भारी गूळ ह्या दिवसांतला हाय. म्हणजे माझा हात आजाराचा हाय काय?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हात मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही."

दुसऱ्या कुणी थाप मारून वेळ मारून नेली असती. रेश्माला त्या बाईंचा विश्वास वाटला तो तिथंच. पण रणजित घरी आला तो हा प्रश्न उराशी घेऊनच, आणि पुढचं वर्षभर तो प्रश्न तिसऱ्या माणसासारखा त्यांच्या घरात राहिला.

औषधं सुरू झाली. एक मनाचा तोल धरणारं, एक दारूची ओढ कमी करणारं. गुरुवारी तालुक्याला बैठक, तिथं असेच दोन्ही दुखण्यांचे आठ-दहा जण. रात्री नऊला अंथरुण. सुरुवातीला रणजितची बोटं थरथरायची. साखरेचा पाक करून तो परसात चाचणी घ्यायचा आणि बोटांतून पाक निसटला की पातेलं आपटायचा. डॉक्टरांनी मात्रा बदलली, थरथर ओसरली. उन्हाळा गेला, आषाढ गेला, आणि लाल रेघ जमिनीवरच राहिली. रेश्मा मनात देवाचे आभार मानायची, तोंडानं काही बोलायची नाही. दृष्ट लागण्याचं भय तिला यंत्राच्या काळातही होतंच.

पट्टीची सूचना तिच्याही फोनवर यायची, तशी सोय होती. तिथं एक नवं दुखणं सुरू झालं. रणजित जरा मोठ्यानं हसला की ती फोन बघायची. जेवताना गप्प बसला की फोन बघायची. एकदा त्यांच्या लहानग्या लेकीच्या गमतीवर तो खदखदून हसला आणि रेश्माचा हात कमरेच्या फोनकडं गेला.

"तू माझ्याकडं बघतच न्हाईस आता," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या रेघेकडं बघतीस."

ते खरं होतं.

दिवाळीत चुलवाण पेटलं. गूळ चांगला निघत होता, पण 'चांगला' हा शब्द कोनवलीत गुळव्याला शिवीसारखा लागतो. रणजित उलथनं दोनदा उचलायचा, गोळी दोनदा वळायचा. "गुळव्या थंड पडला," असं गडी कुजबुजू लागले. रेश्मा धास्तावली. तात्यांनी हट्टानं जादा पाळ्या लावल्या तर सगळं मुसळ केरात जाईल, या भीतीपोटी ती एका सकाळी चौगुल्यांच्या घरी गेली, आजाराबद्दल सगळं सांगितलं आणि रणजितची निळी रेघ तात्यांच्या फोनवर जोडून दिली. "ही चढायला लागली की त्यांना आराम द्या तात्या, एवढंच मागणं हाय," ती म्हणाली. तात्यांनी मान डोलावली. रणजितला तिनं हे सांगितलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रेघ किंचित उचलली. औषध चालू असूनही असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. लवकर धरलं तर आठ दिवसांची विश्रांती, पुरेशी झोप आणि थोडी वाढीव मात्रा, एवढ्यावर भागतं. रेश्मानं सूचना बघितली आणि सुस्कारा टाकला. तात्यांकडंही गेली असणार, ते सांभाळतील.

दुपारी डबा घेऊन ती गुऱ्हाळावर पोचली तर तिथं जत्रा. परदेशी मालाचा सगळा ऊस तात्यांनी त्याच दिवशी गाळायला काढला होता. रणजित सकाळपासून काहिलीवरनं हललेला नव्हता. डोळे चकाकत होते, तोंडाचा पट्टा चालू होता, आणि गार व्हायला वाफ्याच्या उथळ हौदात ओतलेला गूळ असा पिवळाधमक होता की बघणाऱ्यांचे डोळे निवले.

"रेघ चढली बघ, रेश्मा," तात्या फोन पुढं करून आनंदानं म्हणाले. "म्हणून तर सगळा ऊस आजच काढला. दोन महिनं ह्याचीच वाट बघत हुतो."

 तिनं आराम मिळावा म्हणून दिलेली रेघ तात्यांनी पाऊसपाण्याच्या अंदाजासारखी वापरली होती. आणि त्यात तात्यांना काही वावगंही वाटत नव्हतं. अकरा वर्षं सगळं गाव हेच तर करत आलं होतं.

ती सरळ काहिलीशी गेली. "अहो, रेघ चढलीया. घरी चला."

"चढू दे की," रणजित हसला. "गूळ बघितलास? हात परत आला माझा. तात्यांस्नी पण कळलं, त्यांनीच सकाळी सांगितलं, आज तुझा दिवस हाय म्हणून." मग त्याचं हसू थांबलं. "तात्यांस्नी कसं कळलं?"

"मी दिली रेघ. तुमच्या भल्यासाठी दिली. चुकलं माझं."

सगळे ऐकत होते. रणजितचा चेहरा लाल झाला. त्यानं एकदा तात्यांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. रेश्माला वाटलं, आता हा उलथनं भिरकावेल आणि गुत्त्याच्या वाटेनं चालू लागेल. तसं झालं असतं तर दोष तिचाच होता, आणि तिला तो आयुष्यभर वाहावा लागला असता.

काहिलीत पाक दाटत होता. रणजितनं उलथन्यावर पाक घेतला, पाण्यात सोडला, गोळी वळली. "उतरवा," तो म्हणाला. गड्यांनी काहील उतरवली. मग त्यानं उलथनं धुतलं आणि तात्यांच्या हातात दिलं.

"तात्या, आठ दिवस माझा शब्द न्हाई."

"असं मधीच?" तात्यांचा विश्वास बसेना. "ऊस तुटून पडलाय. अरं, तुला बरं वाटतंय ना?"

"लई बरं वाटतंय," रणजित म्हणाला. "तेच दुखणं हाय माझं."

भर हंगामात गुळव्यानं पेटतं चुलवाण सोडून जाणं म्हणजे नवरदेवानं मांडव सोडण्यासारखं. गावात तसं कधी घडलं नव्हतं. तो घरी चालत आला, रेश्मा डबा घेऊन मागं.  घरी आल्यावर त्यानं पट्टीवरून तात्यांचं नाव काढलं आणि मग तिचंही काढलं.

पुढचे दिवस अवघड गेले. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. तो पडून राहायचा, झोप यायची नाही, तरी डोळे मिटून राहायचा. रेश्माशी कामापुरतं बोलायचा. तिकडं तात्यांनी शेजारगावचा सेन्सर आणून लावला आणि दोन काहिली करपवल्या. निरोपावर निरोप आले. रणजित गेला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी रेश्मा शेळ्यांना पाला टाकत होती. तो मागं येऊन उभा राहिला.

"आज प्यावंसं वाटतंय," तो म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. 'प्यालो' हे ऐकलं होतं, 'पुन्हा पिणार न्हाई' हे तर शंभरदा. प्यायच्या आधी त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "मग बसा हितं माझ्यापाशी."

तो दगडावर बसला. तिनं डॉक्टरांना फोन लावून दिला, त्या अर्धा तास त्याच्याशी बोलल्या. गुरुवारच्या बैठकीतला एक निवृत्त शिक्षक सायकल मारत आला, त्याच्याबरोबर बसून चहा पिऊन गेला. दुपार टळली. संध्याकाळी तो जेवला आणि नऊला झोपला. गाढ झोपला. रेश्मा त्याच्या श्वासाकडं कान देऊन बसली होती आणि तिला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. काहिलीवर 'उतरवा' म्हणणारा रणजित तिला कायमच भारी वाटत आला होता, पण त्या दगडावर बसून राहिलेला तिला त्याहून भारी वाटला.

सकाळी उठून त्यानं आपणहून तिचा फोन मागितला आणि पट्टी पुन्हा जोडून दिली. "तुला ठेव," तो म्हणाला. "पर आधी मला विचारायचं, मग फोनला."

"विचारीन," ती म्हणाली.

नवव्या दिवशी तो गुऱ्हाळावर गेला. रेघ सपाट होती. बोटं थोडी जड होती, डोक्यात कसलीही झिंग नव्हती. सगळं गाव मुद्दाम काम काढून तिथं आलेलं, कारण थंड गुळव्याचा गूळ कसा निघतो हे बघण्याची उत्सुकता सगळ्यांना होती. रेश्मा भिंतीला टेकून उभी होती. हात आपला की आजाराचा, हा त्याच्या मनातला प्रश्न तिला पाठ होता, आणि आज उत्तर मिळणार होतं.

माळावरच्या उसाचा रस होता, लवकर धोका देणारा. रणजित बोलत नव्हता. फेस बघत होता, वास घेत होता. एकदाच उलथनं उचललं. एकदाच गोळी वळली. शब्द दिला. काहील उतरली, पाक वाफ्यात पसरला, गार होत गेला, आणि रंग धरू लागला. तासाभरानं तात्यांनी कोपरा मोडून तोंडात टाकला. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा एक तुकडा मोडला.

"एक नंबर," ते सावकाश म्हणाले. "खोटं कशाला बोलू, एक नंबर हाय." पण जित्याची खोड जात नाही. "तरी चढत्या रेघेचा गूळ, रणजित... त्याची तऱ्हाच न्यारी."

"तात्या," रणजित म्हणाला, "चढत्या रेघेचा गूळ तुम्ही खाल्लासा. उतरत्या रेघेचं माझ्या घरानं खाल्लं."

 तात्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. त्यांच्याही घरात एक पुतण्या उन्हाळ्याचे चार महिने दार लावून बसायचा, आणि त्याला गाव आळशी म्हणत होतं. ते त्यांना तिथं आठवलं असावं.

"काय करायचं, सांग," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"उजाडल्यावर पेटवायचं, दिवस मावळायच्या आत विझवायचं. माझी झोप मोडून गूळ व्हणार न्हाई. आन् तुमच्या पुतण्याला गुरुवारी माझ्यासंगं धाडा."

"भर हंगामात चुलवाण विझवायचं?" एक गडी न राहवून म्हणाला. "लोक हसतील की."

"हसू देत," तात्या म्हणाले.

त्या संध्याकाळी रेश्मा घराकडं निघाली तेव्हा नदीकाठच्या रांगेतली सगळी गुऱ्हाळं धूर सोडत होती. चौगुल्यांचं धुराडं तेवढं रिकामं होतं. एका माणसाला नऊला झोपायचं होतं, म्हणून अख्खं गुऱ्हाळ थांबलं होतं. वाटेत भेटलेल्या एका बाईनं काळजीनं विचारलं, काय गं, चुलवाण बंद पडलं का तुमचं.

"बंद न्हाई पडलं," रेश्मा ताठ मानेनं म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं विझवलंय."